तारीख ठरवण्याआधी: कार्यालयीन स्नेहसंमेलनांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
कार्यालयांतल्या स्नेहसंमेलनांच्या आयोजन समित्या, मनुष्यबळ विभाग आणि या कार्यक्रमांची तारीख व खर्च मंजूर करणारे व्यवस्थापन यांस,

सप्रेम नमस्कार.

वर्ष संपत आलं की तुमच्या बैठका सुरू होतात. सभागृह कोणतं घ्यायचं, जेवणाचं कुणाला सांगायचं, सूत्रसंचालन कोण करणार, भेटवस्तू काय द्यायच्या. आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी कार्यक्रमाचं नावही ठरलेलं असतं: 'विविधतेचा उत्सव'. मला त्या नावाबद्दलच लिहायचं आहे. मी स्वतः काही वर्षं अशा समितीत होते. खुर्च्या मोजल्या आहेत, रात्री उशिरापर्यंत थांबून पताका लावल्या आहेत, कार्यक्रम रंगला की मनापासून सुखावले आहे. तेव्हा हे पत्र तुमच्यातल्याच एकीचं आहे, असं समजून वाचा.

पहिल्या वर्षी आमच्या समितीने ठरवलं की प्रत्येकाने आपापल्या पारंपरिक पोशाखात यायचं आणि प्रत्येक समाजातल्या एकाने मंचावर येऊन आपल्या सणाची ओळख करून द्यायची. हेतू चांगला होता. आमच्या विभागात एक सहकारी होती. तिच्या धर्माची आणि भाषेची आमच्या मजल्यावर ती एकटीच. "तुमच्याकडचं काहीतरी कर ना," असं मीच तिच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं. तिने केलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, त्यातला एक फोटो पुढे कंपनीच्या माहितीपत्रकातही छापला गेला. दुसऱ्या वर्षीही तिनेच केलं. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा विचारायला गेले, तर तिने शांतपणे सांगितलं की त्या दिवशी ती रजेवर आहे.

कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही मी विचारलं म्हणून. ती म्हणाली, "माझा सण त्याच्या सात आठवडे आधी होऊन गेला होता. त्या दिवसाची रजा मी मागितली होती. काम महत्त्वाचं आहे म्हणून मिळाली नाही. सणाच्या दिवशी मी इथेच बसून होते, कुणी शुभेच्छासुद्धा दिल्या नाहीत. आणि त्याच सणाबद्दल मी मंचावर पाच मिनिटं बोलावं असं तुम्हाला वाटत होतं."

रजा नाकारणारा अधिकारी वेगळा होता आणि मंचावर बोलावणारी मी वेगळी. आम्हा दोघांना एकमेकांनी काय केलं याचा पत्ताही नव्हता. पण तिच्या दृष्टीने आम्ही दोघं एकच कार्यालय होतो, आणि तिचं बरोबर होतं.

रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या कंपनीतल्या माणसांचा बारकाईने अभ्यास करून १९७७ साली एक गोष्ट मांडली होती. एखाद्या गटात कुणी अगदीच अल्पसंख्य असेल, तर त्याच्याकडे व्यक्ती म्हणून पाहणं थांबतं आणि त्याच्या समाजाचा नमुना म्हणून पाहणं सुरू होतं. त्याची प्रत्येक हालचाल जास्त उठून दिसते, आणि त्याच्यातला व बाकीच्यांतला फरक सगळ्यांच्या मनात फुगत जातो. कँटरबाईंचा अभ्यास प्रामुख्याने पुरुषांच्या गर्दीतल्या मोजक्या स्त्रियांचा होता, पण आमच्या मंचावर हेच घडत होतं. आम्ही त्या सहकारीला तिच्या अख्ख्या समाजाच्या वतीने उभं केलं होतं. तिला गणित उत्तम येतं, तिला गिर्यारोहणाचं वेड आहे, तिचं स्वतःच्या धर्मातल्या काही गोष्टींशी अजिबात पटत नाही, यातलं काहीच त्या पाच मिनिटांत मावणार नव्हतं.

म्हणून माझी पहिली मागणी मंचाबद्दलची नाहीच. ती तारखेबद्दलची आहे. कार्यक्रमात कोण गाणार, कोण नाचणार हे नंतर ठरवा. आधी हे पाहा की तुम्ही निवडलेली तारीख कुणाकुणाला बाहेर ठेवते.

तुमच्यापैकी बहुतेकांसमोर एकच दिनदर्शिका असते. पण तुमच्या कार्यालयात माणसं कितीतरी वेगवेगळ्या कालगणनांनी जगत असतात, आणि त्या कालगणना एकमेकींशी कशा जुळतात किंवा जुळत नाहीत हे समजून घ्यायला फार तर एक तास लागतो. इस्लामी वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, म्हणून रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. हिंदू पंचांगातले महिनेही चांद्रच, पण साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घालून वर्ष पुन्हा ऋतूंशी जुळवलं जातं. ज्यू पंचांगात हेच काम १९ वर्षांत ७ जादा महिने घालून होतं. त्यामुळे दिवाळी किंवा ज्यूंचा दिव्यांचा सण हनुका मागेपुढे होतात, पण एका ठरावीक पट्ट्यातच. हनुका २०१३ साली नोव्हेंबरअखेरीस आला होता आणि २०२४ साली त्याची पहिली संध्याकाळ नेमकी २५ डिसेंबरची होती. चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, वसंतसंपाताला, २१ मार्चच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० साली हा दिवस आंतरराष्ट्रीय नवरोज दिन म्हणून मान्य केला आहे. म्हणजे नवं वर्ष कधी सुरू होतं या साध्या प्रश्नालासुद्धा तुमच्या एका मजल्यावर चार खरी उत्तरं असू शकतात.

यातली एक गोष्ट आत्ताच वहीत लिहून ठेवा. २०३० साली रमजान दोनदा येईल: एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस इकडे-तिकडे होईल, इतकंच. त्यापुढच्या दोन वर्षांत तो डिसेंबरच्या मध्यावर आणि मग सुरुवातीला आलेला असेल. यापूर्वी डिसेंबरमध्ये रमजान होता तो १९९८ ते २००२ या काळात, तेव्हा आजच्या समित्यांमधले निम्मे लोक शाळेतही गेले नसतील. तुमचं दुपारच्या जेवणाचं संमेलन तेव्हा उपवास धरलेल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत होणार आहे. हे कुणाच्या खोडसाळपणामुळे घडणार नाही. बैठकीत कुणी दिनदर्शिका उघडली नाही, एवढ्यानेच घडेल. आणि टाळणं सोपं आहे. जेवण सूर्यास्तानंतर ठेवा, किंवा संमेलनच दोन आठवडे अलीकडे घ्या.

वाराचंही असंच आहे. शुक्रवारची संध्याकाळ ही आयोजकांची सगळ्यात लाडकी वेळ, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी. पण ज्यू कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि शब्बाथ, म्हणजे त्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिश्चनही शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत विश्रांतीचा दिवस पाळतात. जो हे कसोशीने पाळतो, त्याला तुमचं निमंत्रण दरवर्षी मिळतं आणि दरवर्षी त्याला नकार कळवावा लागतो. काही वर्षांनी लोक म्हणू लागतात, 'तो काही आपल्यात मिसळत नाही.' हे वाक्य मी ऐकलं आहे, आणि त्या वेळी गप्प बसले आहे, याची मला आजही खंत वाटते.

आता रजेबद्दल, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०६ क्रमांकाचा करार १९५७ सालचा आहे आणि तो खास व्यापारी आस्थापनं व कार्यालयांतल्या साप्ताहिक विश्रांतीबद्दल आहे. त्याच्या सहाव्या कलमात धार्मिक अल्पसंख्याकांच्या परंपरा आणि चालीरीतींचा शक्य तितका मान राखावा असं लिहून ठेवलं आहे. त्याला किती दशकं झाली ते पाहा. तरीही आज कितीतरी कार्यालयांत बहुसंख्यांच्या सणाला सगळं कार्यालय आपोआप बंद असतं आणि बाकीच्यांना आपला सण हक्काच्या रजेतून, वरिष्ठांच्या मर्जीने, कधी आजारपणाचं कारण सांगून साजरा करावा लागतो. स्वतःच्या सणासाठी खोटं बोलावं लागणं किती अपमानाचं असतं, याची कल्पना ज्याच्यावर ती वेळ आली नाही त्याला चटकन येत नाही.

व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की वर्षाच्या सुट्ट्यांच्या यादीत दोन-तीन सुट्ट्या ऐच्छिक ठेवा, ज्याने त्याने आपल्या दिवसासाठी घ्याव्यात, आणि त्यासाठी कारण विचारू नका. संमेलनाच्या सजावटीला जो खर्च होतो त्यापेक्षा याला फार जास्त लागत नाही. आणि समितीला सांगते: ही मागणी पुढे नेण्याचं धैर्य तुमच्यात नसेल, तर 'विविधतेचा उत्सव' हे नाव कृपा करून वापरू नका. साधं 'स्नेहसंमेलन' म्हणा, ते प्रामाणिक राहील.

जेवणाकडे वळते. आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं, कुणाच्या पानात आग्रहाने घालणं आणि कुणाच्या पानावरून तसंच पुढे सरकणं. आपल्या आधीच्या पिढ्यांनी याला नाव देऊन तो दोष ठरवला होता. कार्यालयातल्या बुफेमध्ये पंगत नसते, पण पंक्तिप्रपंच असतो. पंचवीस पदार्थ मांडलेले असतात आणि एका कोपऱ्यात 'इतरांसाठी' म्हणून एकच भांडं. त्यात काय घातलंय हे वाढणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्याला श्रद्धेमुळे काही चालत नाही, ज्याला ॲलर्जीमुळे चालत नाही, जो काही कारणाने मद्याला शिवत नाही, अशा सगळ्यांना मग प्रत्येक भांड्यापाशी थांबून विचारत जावं लागतं, आणि मागची रांग अस्वस्थ होते. प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय आहे याची स्पष्ट चिठ्ठी ठेवा. प्रत्येक भांड्याचा डाव वेगळा ठेवा आणि तो दुसऱ्या भांड्यात जाणार नाही याकडे कुणीतरी लक्ष द्या. मद्य ठेवणारच असाल तर ते वेगळ्या टेबलावर असू द्या, आणि हातात पेला नसलेल्याला 'आज तरी घ्या' असा आग्रह कुणी करणार नाही हे आधीच सांगून ठेवा. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे हे मला ठाऊक आहे. पण ज्या ठिकाणी आग्रह करणारा वरिष्ठ असतो, तिथे त्याचा हुकूम व्हायला वेळ लागत नाही.

आणि पंक्तिप्रपंचाचा सगळ्यात मोठा प्रकार तर सभागृहाच्या दाराबाहेर असतो. सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, रात्रपाळीचे लोक, कंत्राटी कामगार. बहुतेक कार्यालयांत खरी विविधता तिथेच असते, कारण सगळ्यात दूरवरून आलेली, सगळ्यात वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं त्याच कामांवर असतात. आम्ही आत भाषणं करत होतो तेव्हा ती माणसं दार धरून उभी होती. कार्यक्रम संपल्यावर उरलेलं त्यांना बांधून दिलं, आणि आम्हाला वाटलं आपण त्यांचा विचार केला. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होतात असं नाही. त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा असावा लागतो, दोघांचं उद्दिष्ट एक असावं लागतं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी लागते आणि संस्थेचा त्याला उघड पाठिंबा असावा लागतो. आमच्या संमेलनाला ही फूटपट्टी लावून पाहिली, तेव्हा पहिल्याच अटीवर ते अडलं. ज्याला आत खुर्ची नाही, त्याच्याशी बरोबरीचा दर्जा कुठून येणार? कार्यक्रम दोन पाळ्यांत घ्या. एका पाळीचे लोक आत असताना दुसरी पाळी दार सांभाळेल, आणि त्यात एखाद्या दिवशी व्यवस्थापकही दारावर उभे राहतील. जमतं हे. आम्ही शेवटच्या वर्षी केलं.

एका गोष्टीवर माझं मत काहींना पटणार नाही. कुणाला खटकू नये म्हणून सगळ्याच सणांची नावं काढून टाकायची, नुसते दिवे आणि पताका लावायच्या आणि 'हंगामाच्या शुभेच्छा' असं काहीतरी मोघम लिहायचं, ही पद्धत मला पटत नाही. त्याने कुणाचाच मान राखला जात नाही. नाताळ असेल तर नाताळच म्हणा. तो साजरा करणाऱ्याला त्याचा आनंद आहे, आणि त्या आनंदात बाकीच्यांना पाहुणे म्हणून बोलवायला त्याला आवडेलही. फक्त त्याला आधी विचारा. कारण नाताळसुद्धा सगळ्यांचा एकाच दिवशी नसतो. रशियन आणि सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन कालगणनेप्रमाणे चालतं, ती सध्या १३ दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. आर्मेनियन चर्चमध्ये तो ६ जानेवारीला असतो. दिवाळीच्या रात्री जैन माणूस महावीरांच्या निर्वाणाचं स्मरण करतो आणि शीख माणूस गुरू हरगोविंदांच्या कैदेतून सुटकेचं. इंटरनेटवर शोधून फलकावर चार ओळी लिहिल्या की काम झालं, असं होत नाही. तुमच्या शेजारी बसणारा माणूस तो दिवस कसा पाळतो, हे त्यालाच माहीत असतं. तो म्हणेल, 'आमच्या घरी याचं फारसं काही नसतं,' तर तेही ऐकून घ्या.

न येण्याचा हक्कही तितकाच मोलाचा. यहोवाचे साक्षीदार या ख्रिश्चन पंथाचे लोक नाताळ किंवा वाढदिवस साजरे करत नाहीत. काहींचा कुठल्याच धर्मावर विश्वास नसतो. कुणाच्या घरी वर्षभरात मृत्यू झालेला असतो. कुणाला दिवसभर माणसांत राहून संध्याकाळी आणखी गर्दी सोसवत नाही. संमेलनाची हजेरी घेऊ नका, गैरहजरांची नावं चर्चेत आणू नका, आणि 'संघभावना' या शब्दाखाली वार्षिक मूल्यमापनात ती गोष्ट डोकावू देऊ नका.

नावांचं थोडक्यात सांगते. सूत्रसंचालकाने प्रत्येकाचं नाव त्या व्यक्तीकडून आधी ऐकून, म्हणून पाहून मगच माइक हातात घ्यावा. चुकीच्या उच्चारावर हशा पिकवू नये, आणि कुणाच्या बोलण्याच्या ढबीची नक्कल तर मुळीच करू नये.

युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी सांस्कृतिक विविधतेचा जाहीरनामा स्वीकारला. निसर्गाला जैवविविधतेची जितकी गरज आहे तितकीच मानवजातीला सांस्कृतिक विविधतेची आहे, असं त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे. त्यापाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी २१ मे हा त्यासाठीचा जागतिक दिवस ठरवला. मला ही तुलना आवडते, कारण जंगलातली झाडं कुणाला दाखवण्यासाठी वाढत नाहीत. ती तिथे राहतात, एकमेकांच्या सावलीत आणि एकमेकांच्या मुळांशी. कार्यालयातही माणसाला वर्षाचे सगळे दिवस राहायचं असतं.

त्या सहकारीशी बोलणं झाल्यावर मी तिची माफी मागितली. आणि पुढच्या वर्षी समितीच्या पहिल्या बैठकीआधी तिच्या टेबलापाशी पुन्हा गेले. या वेळी मंचासाठी नाही. "समितीत येशील का?" असं विचारलं. यजमान म्हणून, आमच्याइतक्याच अधिकाराने. तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ती बैठकीला आली, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली, वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "तारीख ठरली आहे का?"

ठरली नव्हती. आम्ही तिच्यासाठी थांबलो होतो.

आपली,
एका आयोजन समितीची माजी सदस्य